पडझड आणि पाडापाडी

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी सातवीच्या वर्गाला एक जुने छायाचित्र दाखवले. शाळेतल्या संगणकाच्या पडद्यावर ते मोठे करून लावले होते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्रूज नावाचे गाव आहे. तेथील पडक्या कॅथीड्रलचे हे चित्र १८४५च्या आसपास कागदावर उतरवलेले. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे पीठ जेथे असते ते मुख्य चर्च. चित्रात छप्पर नाही, खांब नाहीत. दोन टोकदार बुरूज दोन अंगांना घेऊन एक एकटी भिंत उभी आहे, जवळ एक चौकोनी उंच मनोरा आहे, आणि सभोवार गवतात थडगी. मुले दोन क्षण गप्प राहिली. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, हे पाडलं कुणी?”

मी सहज म्हणून गेलो, “पाडायला कशाला हवं कुणी? काळानं पाडलं.”

तास संपला, मुले खेळायला पळाली, आणि ते उत्तर माझ्या मागे लागले. रात्री त्या वास्तूचा इतिहास काढून वाचला, तेव्हा कळले की मी मुलीला सपशेल चुकीचे सांगितले. चूक माझ्या अज्ञानाची होती, हे तर खरेच. पण तिचा थोडा वाटा त्या छायाचित्राकडेही जातो असे मला वाटू लागले. उत्तम, अतिशय उत्तम छायाचित्र होते ते. आणि त्याच्या उत्तमपणानेच माझ्या तोंडी ‘काळ’ हा शब्द घातला होता. दिवाळीच्या फराळाबरोबर भग्नावशेषांची कथा वाढणे कदाचित शोभणार नाही. तरी वाचकांनी थोडी सवलत द्यावी, कारण ही कथा पडण्याइतकीच बांधण्याचीही आहे.

आधी चित्रकर्त्यांविषयी. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा एडिनबरोचा निसर्गचित्रकार, आणि रॉबर्ट अॅडमसन हा सेंट अँड्रूजचाच एक तरुण. अॅडमसनला यंत्रकामात गती होती, पण प्रकृती तोळामासा. त्याच सुमारास इंग्लंडात टॅलबट नावाच्या गृहस्थाने कागदावर छायाचित्र उठवण्याची कृती शोधून काढली होती. १८४१ साली त्याने तिचे पेटंट घेतले, पण ते स्कॉटलंडला लागू नव्हते. सेंट अँड्रूजच्या विद्यापीठातील शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर हा टॅलबटचा स्नेही. त्याच्यामार्फत ही विद्या गावात आली, अॅडमसनच्या डॉक्टर भावाने ती आत्मसात केली आणि धाकट्याला शिकवली. इंग्लंडात जिच्यासाठी परवाना लागत होता ती कला स्कॉटलंडमध्ये मोकळी होती. छायाचित्रणाच्या पहिल्या पर्वात या लहानशा गावाचे नाव एवढे मोठे झाले, त्यात या योगायोगाचा हात मोठा आहे.

१८४३ ते १८४८ या साडेचार वर्षांत हिल आणि अॅडमसन यांनी मिळून सुमारे तीन हजार चित्रे घेतली. १८४८च्या जानेवारीत अॅडमसन वारला, तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. या जोडीने १८४६ मध्ये सेंट अँड्रूजच्या चित्रांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. मी वर्गात दाखवलेले चित्र याच त्यांच्या कामातले, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच संग्रह आहे.

या कृतीला ‘कॅलोटाइप’ म्हणत. साध्या चांगल्या कागदावर चांदीच्या क्षारांचे द्रावण लावायचे, तो कागद कॅमेऱ्यात ठेवून उजेड दाखवायचा, मग रसायनाने त्यातली लपलेली प्रतिमा वर आणायची आणि हायपोने ती पक्की करायची. ही झाली उलटी प्रतिमा, म्हणजे निगेटिव्ह. तिच्याखाली दुसरा मीठ-चांदीचा कागद ठेवून उन्हात धरला की सुलटे चित्र उमटते. कागदाचे तंतू प्रतिमेत उतरत असल्याने कडा मऊ राहतात, आणि सावल्या जाड शाईने भराव्यात तशा भरून येतात. हिलने पुढे एका पत्रात या खडबडीतपणाची वकिलीच केली आहे. त्याच्या मते कागदाचा ओबडधोबडपणा हा कॅलोटाइपचा दोष नसून प्राण आहे, कारण त्यामुळे चित्र माणसाच्या अपुऱ्या हातचे वाटते.

मला हे म्हणणे पटते. त्या चित्रातली भिंत पाहताना दगडाचा खरखरीत स्पर्श बोटांना जाणवतो, तो कागदाच्या खरखरीतपणामुळेच. दगडाचे दाणे आणि कागदाचे तंतू एकमेकांत मिसळून जातात. आणखी एक गोष्ट अशी की या रसायनाला निळा रंग फार लवकर लागतो. त्यामुळे आकाश कोरे पांढरे येते. ढग नाही, पाखरू नाही. भिंतीतल्या खिडक्यांतून जे दिसते ते निव्वळ कोरेपण. पूर्वेच्या भिंतीत खाली तीन गोल कमानीच्या खिडक्या आहेत, वर एक मोठी टोकदार कमानीची. त्यांतून आरपार दिसणारा तो पांढरा रिकामेपणा मनाला चटका लावतो. आता हा रिकामेपणा रसायनाने आणला, कलावंताने नव्हे, असे कोणी म्हणेल. पण कोऱ्या आकाशापुढे ती भिंत नेमकी कोठून उभी दिसावी, हे ठरवणारा डोळा हिलचा होता आणि हात अॅडमसनचा.

इथेच माझी पहिली शंका सुरू होते. कोरे आकाश, मऊ कडा, गडद सावल्या आणि निश्चल गवत. या साऱ्यांनी मिळून चित्राला जे वातावरण येते, ते कोणत्याही एका वर्षाचे राहत नाही. पाहणाऱ्याला वाटते, हे असेच होते. जणू ही भिंत पडकी म्हणूनच जन्माला आली. भग्नतेला सौंदर्य चढले की तिच्यामागचा प्रश्न आपोआप गळून पडतो. मग आपण उसासा टाकून ‘काळ’ म्हणतो आणि मोकळे होतो.

तो प्रश्न गळू द्यायचा नसेल, तर इतिहासाकडे वळावे लागते.

या कॅथीड्रलचे काम ११६०च्या सुमारास सुरू झाले. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी अँड्र्यू याच्या अस्थी रूल नावाच्या साधूने या किनाऱ्यावर आणल्या, अशी आख्यायिका होती. त्या अस्थींच्या दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू येत. चित्रात जो चौकोनी मनोरा आहे, तो याच सेंट रूलच्या नावाच्या अधिक जुन्या चर्चचा. उंची सुमारे ३३ मीटर; तो आजही शाबूत आहे. नवे कॅथीड्रल स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे चर्च झाले. लांबी सुमारे ११९ मीटर. बांधायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. ज्याने पायाचा दगड बसवला त्याच्या पणतवाच्या पणतवाने कळस पाहिला असेल. १३१८ मध्ये त्याचे अर्पण झाले, तेव्हा राजा रॉबर्ट ब्रूस स्वतः हजर होता. बॅनकबर्नच्या रणात इंग्रजांचा पराभव करून त्याला चार वर्षे झाली होती. ते अर्पण म्हणजे एका स्वतंत्र राष्ट्राचा उत्सवही होता.

आता काळाने काय केले ते पाहू. १२७० नंतरच्या दशकात, बांधकाम चालू असतानाच, वादळाने पश्चिमेची दर्शनी बाजू पाडली. लोकांनी ती थोडी अलीकडे घेऊन पुन्हा बांधली. १३७८ मध्ये मोठी आग लागली. पुन्हा दुरुस्ती झाली. १४०९ मध्ये पुन्हा वादळ झाले आणि दक्षिणेकडच्या बाजूची एक भिंत कोसळली. तीही उभी केली गेली. वारा, अग्नी, पुन्हा वारा: तीन वेळा निसर्गाने घाव घातला आणि तीनही वेळा माणसांनी तो भरून काढला. पैसे गोळा झाले, दगड फोडले गेले, परांच्या बांधल्या गेल्या. काळाच्या हातून जेवढे होण्यासारखे होते तेवढे त्याने केले होते, आणि तो हरला होता.

मग आला जून १५५९. धर्मसुधारणेचा आवेश स्कॉटलंडभर पेटला होता. त्या आवेशाचा प्रमुख वक्ता जॉन नॉक्स सेंट अँड्रूजच्या गावचर्चात उभा राहिला. ख्रिस्ताने मंदिरातून व्यापारी हाकलून लावले, हा प्रसंग त्याने प्रवचनाला घेतला. ऐकणाऱ्यांना अर्थ सांगावा लागला नाही. कॅथीड्रलमधल्या मूर्ती फुटल्या, वेद्या उघड्या पडल्या. १५६१ पर्यंत तेथील उपासना थांबून ती वास्तू टाकून दिली गेली. गावाला उपासनेसाठी गावचर्च पुरेसे होते; बिशपांच्या त्या अवाढव्य घराचे कोणालाच काम उरले नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. त्या जूनमध्ये जमावाने इमारत जमीनदोस्त केली नाही. आतले वैभव लुटले आणि मोडले. भिंती तशाच राहिल्या. भिंती गेल्या त्या नंतर, हळूहळू, आणि कोणत्याही आवेशाशिवाय. घडवलेला, चौकोनी, तयार दगड फुकट मिळत असताना नवा कोण फोडील? कोणाला घर बांधायचे होते, कोणाला कुंपण घालायचे होते. गाडी आणली, भरली, नेली. १८२६ मध्ये सरकारने ते अवशेष आपल्या ताब्यात घेतले. १५५९ पासून तोवर २६७ वर्षे झाली होती. प्रवचन एका दिवसाचे; दगड नेणारे हात कित्येक पिढ्यांचे. १७७३ मध्ये डॉक्टर जॉन्सन हे अवशेष पाहायला आला, तेव्हा त्याने सारा राग नॉक्सवर काढला. राग समजण्यासारखा होता. पण त्यात त्याने शेकडो साध्यासुध्या, सज्जन, संसारी माणसांना निर्दोष सोडून दिले. मी ‘काळा’वर ढकलले, जॉन्सनने एका माणसावर ढकलले. ढकलणे दोघांचेही सारखेच.

आता हिलकडे परत येऊ, कारण या संग्रहातले खरे नाट्य इथे आहे. हिलला छायाचित्रणाचा नाद मुळात लागला कशामुळे? १८ मे १८४३ रोजी एडिनबरोत स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क जमीनदारांना असावा की मंडळीला, यावरून शेकडो उपदेशकांनी आपले पगार आणि घरे सोडून वेगळे स्वतंत्र चर्च स्थापले. हा त्याग पाहून हिल भारावून गेला आणि त्या प्रसंगाचे भव्य तैलचित्र काढायचे त्याने ठरवले. एवढ्या माणसांचे चेहरे टिपायचे कसे? ब्रूस्टरने सुचवले, अॅडमसनच्या कॅमेऱ्याची मदत घ्या. जोडी जमली ती अशी. ते तैलचित्र पुरे व्हायला पुढे १८६६ साल उजाडले.

या फुटीची एक लाट आपल्या मुंबईपर्यंतही आली होती. विल्सन कॉलेजाला ज्यांचे नाव आहे ते जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी मिशनरी या स्वतंत्र चर्चच्या बाजूला गेले. विल्सन कॉलेजाची थोडी ओळख असलेल्या मराठी वाचकाला तरी ही हकीकत अगदीच परकी वाटू नये.

म्हणजे पाहा, बाहेर पडलेले उपदेशक स्वतःला नॉक्सचे खरे वारस मानत. त्यांच्या त्यागाने ज्याचे हृदय भरून आले, तोच चित्रकार कॅमेरा घेऊन नॉक्सच्या प्रवचनानंतर उजाड झालेल्या वास्तूसमोर उभा राहतो. एका फुटीचा गौरव करण्यासाठी हाती घेतलेले यंत्र, त्याआधीच्या फुटीने केलेली नासधूस टिपते. हिलच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल याचा तर्क मी करणार नाही. चित्रात मात्र मला ना नॉक्सवरचा राग दिसतो, ना त्याची तरफदारी. तिथे आहे एक प्रकारचा शांत आदर. आपल्याच घराण्यातल्या एखाद्या जुन्या भांडणात मोडलेली वस्तू माळ्यावर सापडावी, आणि आपण ती पुसून पुन्हा जागेवर ठेवावी, तसा तो आदर आहे. त्याने वस्तू पुसली, पण भांडणाचे नाव घेतले नाही. या संग्रहाचे बळ आणि उणीव दोन्ही मला याच ठिकाणी सापडतात.

उणीव सांगितली, आता बळ सांगतो. टॅलबटनेही १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. त्यातली स्थळे सर वॉल्टर स्कॉटच्या आयुष्याशी आणि लेखनाशी जोडलेली; पडके मठ, सरोवरे, डोंगर. ती चित्रे देखणी आहेत, पण पाहणारा आधीच स्कॉट वाचून, डोळे ओले करून येईल हे त्यांत गृहीत धरले आहे. पुढे काचेच्या निगेटिव्हची पद्धत आली, आणि व्हॅलेंटाइन, विल्सन यांच्यासारख्या स्कॉटिश व्यावसायिकांनी प्रवाशांसाठी देखाव्यांच्या प्रती मोठ्या संख्येने विकल्या. त्यांत एकेक दगड मोजता यावा इतकी स्पष्टता असते. पण दगड मोजता आले म्हणून दगडांची हकीकत कळते असे नाही. आधी काव्यासाठी अवशेष, मग आठवणीच्या वस्तूसाठी अवशेष, असा तो प्रवास झाला.

हिल-अॅडमसन या दोहोंच्या मधे उभे आहेत, आणि त्यांना वाचवले ते गावातल्या कोळ्यांनी. सेंट अँड्रूजमध्ये कोळ्यांची वस्ती कॅथीड्रलच्या अगदी लगत, नॉर्थ स्ट्रीटच्या पूर्व टोकाला होती. तिथल्या बायामुलांचे एक चित्र या जोडीने घेतले आहे. बायका रस्त्यातच बसून मासेमारीच्या लांब दोऱ्यांच्या गळांना आमिष लावताहेत, पाट्या पडल्या आहेत, पोरे भोवती आहेत. कॅलोटाइपला उजेड बराच वेळ दाखवावा लागे. जो हलला तो पुसला गेला. भिंतीला स्थिर राहा असे सांगावे लागत नाही. पण हातातले काम टाकून, पोराला गप्प करून, या बायका त्या अनोळखी पेटीसमोर श्वास रोखून बसल्या असतील. त्यांच्या त्या क्षणभर थांबलेल्या हातांत जेवढा जिवंतपणा आहे, तेवढा मला दुसऱ्या कुठल्याही अवशेषचित्राच्या शेजारी सापडला नाही.

कॅथीड्रलचे चित्र आणि कोळणींचे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकट्या भिंतीकडे पाहून ‘काळ’ म्हणणारा माणूस, गल्लीतल्या दगडी घरांकडे पाहिल्यावर चाचरतो. त्या गावातल्या कितीतरी भिंतींत कॅथीड्रलचेच दगड आहेत. दगड नाहीसे झालेच नाहीत. त्यांनी जागा बदलली. बिशपांच्या छपराखालून ते संसारांच्या छपराखाली गेले. एका चित्रातून हे कळत नाही. दोन चित्रे एकत्र पाहिली की कळू लागते. म्हणून हा संग्रह सुटा सुटा पाहू नये, सलग पाहावा. संगणकावर एकच चित्र उचलून वर्गाला दाखवण्यात माझी चूक झाली ती हीच.

हे सारे आपल्याशी कशाला संबंधित, असे कोणाला वाटेल. १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन टॉमस बिग्ज याला आपल्या मुंबई इलाख्यातील जुन्या वास्तू छायाचित्रांत उतरवण्याच्या कामावर नेमले, आणि त्यानेही कागदी निगेटिव्हच वापरल्या. सेंट अँड्रूजच्या संग्रहानंतर दहा वर्षांच्या आत तीच नजर विजापूरच्या घुमटांपर्यंत येऊन पोचली होती. तेव्हापासून आपणही पडक्या वास्तू छायाचित्रांतून पाहत आलो आहोत. त्या चित्रांपुढे उसासा टाकण्याची सवय आपल्यालाही तेव्हापासूनच लागली असावी.

छायाचित्र ‘आहे’ एवढेच म्हणू शकते. ‘होते’ हे ते पुसट म्हणते. ‘कोणी केले’ हे त्याला म्हणताच येत नाही, कारण ते करणारे हात चित्र काढण्यापूर्वीच निघून गेलेले असतात. हा छायाचित्राचा गुन्हा नाही. त्याचा स्वभाव आहे. पण म्हणूनच त्याच्याखाली एक ओळ हवी. स्थळाचे नाव आणि दिशा लिहून भागत नाही. हिल-अॅडमसन यांच्या संग्रहाला मी मनापासून थोर म्हणतो. तरीही ती एक ओळ तिथे नाही, हे नोंदवल्याशिवाय मला राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. दोन्ही चित्रे लावली, वादळे सांगितली, आग सांगितली, १५५९ सांगितले, आणि गाड्या भरून दगड नेणारी माणसेही सांगितली. तीच मुलगी पुन्हा उठली.

“मग दगड नेणारी माणसं वाईट होती का, गुरुजी?”

“नाही गं. त्यांना घरं बांधायची होती.”

तिचे समाधान झालेले दिसले नाही. माझेही झाले नव्हते. मी मुलांना सांगितले, या चित्राखाली प्रत्येकाने आपल्या मनाने एक ओळ लिहून आणा. बहुतेकांनी गावाचे नाव आणि साल लिहिले. तिच्या वहीत मात्र अशी दोन वाक्ये होती: “वादळानं पाडलं तेव्हा लोकांनी बांधलं. लोकांनी सोडून दिलं तेव्हा कुणीच बांधलं नाही.”

मी खाली लाल शाईने बरोबरची खूण केली, आणि माझे उत्तर खोडून टाकले.